निर्णयसागरचे खिळे

गेल्या महिन्यात माळा साफ करताना आजोबांचा एक पत्र्याचा डबा सापडला, उघडला तर आत पंधरा-वीस खिळे. भिंतीत ठोकायचे नव्हेत, छापखान्यातले, टोकावर एकेक उलटं अक्षर असलेले शिशाचे तुकडे. आजोबा आयुष्यभर खिळेजुळारी होते, म्हणजे हे खिळे जुळवून मजकूर तयार करणारे, छोट्याशा प्रेसमध्ये, लग्नपत्रिका, हँडबिलं, कधीतरी एखादं पुस्तक. एक खिळा हातात घेतला तर 'क्ष' होता, उलटा अर्थातच, आणि अंगाला बारीकशी खाच. आजोबा सांगायचे की खिळा बघत बसायचं नसतं, अंगठ्याला खाच लागली की कळतं अक्षर सरळ आहे, डोळे आपले मजकुरावर.

तेव्हापासून छपाईच्या इतिहासाचं मिळेल ते वाचतेय, आणि एक गोष्ट मनातून जात नाहीये. औद्योगिक काळातली छपाई म्हटलं की सगळे मशीनबद्दलच बोलतात. २९ नोव्हेंबर १८१४चा लंडनचा 'टाइम्स' कोनिगच्या वाफेच्या मशीनवर छापला, तासाला ११०० कागद, हातप्रेसच्या मानाने चौपट वगैरे. ठीक आहे. पण छपाई अशी पळायला लागली तरी अक्षरं जुळवणं हातानेच चालू होतं, एकेक खिळा उचलून, तेही पुढची सत्तर वर्षं. १८८६ला न्यूयॉर्कच्या 'ट्रिब्यून'मध्ये मर्गेनथालरचं लायनोटाइप लागलं तेव्हा कुठे तो प्रश्न सुटला, कळा दाबायच्या आणि मशीन अख्खी ओळ शिशात ओतून देणार. कळा किती तर ९०. इंग्रजीला त्या पुरून उरल्या. आपल्याकडे काना-मात्रा, उकार, रफार, जोडाक्षरं धरली तर केसमध्ये, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीत, शेकडो प्रकारचे खिळे लागतात, ते त्या ९० कळांत बसणार कसे? लायनोटाइपवर देवनागरी आली ती हरी गोविलांच्या खटपटीने, १९३०च्या दशकात. म्हणजे ज्या काळाला आपण यंत्रयुग म्हणतो त्यातला बराचसा काळ मराठी अक्षर माणसाच्या बोटांनीच उचललंय. आणि मला वाटतं आपल्या टाइपचा खरा इतिहास तिथेच आहे.

मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना होता, तिथे टॉमस ग्रॅहॅमने मराठी टाइपवर खूप काम केलं. डिग्री टाइप म्हणतात तो तिथला. त्याची आयडिया अशी की अक्षर मधल्या ओळीत, वरच्या मात्रा, वेलांट्या, रफार वेगळ्या बारीक खिळ्यांवर वर, आणि उकार वेगळे खाली. म्हणजे 'पूर्वी' जुळवायचं तर छापून दिसते एक ओळ पण खिळेजुळाऱ्याच्या हातात असतात तीन. खिळ्यांचे प्रकार कमी झाले खरे, पण जुळवायची मेहनत वाढली, एक बारकी मात्रा हलली तरी सगळी ओळ बिघडते.

याच छापखान्यात एक गरीब घरातला मुलगा टाइप घासायच्या कामाला लागला, जावजी दादाजी चौधरी, जन्म १८३९चा. टाइप ओतल्यावर त्याच्या कडा घासून सारख्या कराव्या लागतात, ते काम. अक्षराशी त्याची ओळख अशी बोटांतून झाली. पुढे १८६४ला त्याने स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ला निर्णयसागर छापखाना. अक्षरं कोरायला राणोजी रावजी आरू. हे नाव मला आत्ता आत्तापर्यंत माहीत नव्हतं याचं फार वाईट वाटतं, कारण पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, तेही काही मिलिमीटरचं, मग ती कांडी कडक करून तांब्याच्या तुकड्यावर ठोकायची, त्या ठशात शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा रस ओतायचा, आणि हे केसमधल्या एकेका चिन्हासाठी. एक गोलाई चुकली तर हजारो पानांवर चुकलेलीच उमटणार.

आणि काय अक्षर आहे ते! ठसठशीत, भरदार, बोरूने लिहिल्यासारखी जाड-बारीक होत जाणारी रेघ. १८८६पासून निघालेली 'काव्यमाला' ही संस्कृत काव्यांची मालिका याच छापखान्याची, संस्कृतचे अभ्यासक आजही निर्णयसागरची प्रत म्हटली की विश्वासाने उघडतात. टाइप पाडणारा आणि छापणारा एकाच छपराखाली, मला वाटतं त्याचाच हा परिणाम.

नंतर मशीनसाठी अक्षरंच कमी करा असा विचार सुरू झाला. टिळकांनी 'केसरी'च्या टाइपात लक्ष घालून खिळ्यांची संख्या १९०पर्यंत आणायचा प्रयत्न केला. सावरकरांची अ ची बाराखडीही त्यातलीच, इ-ई-उ-ए ऐवजी अि-अी-अु-अे. पटतं मला त्यांचं म्हणणं, खर्च आणि वेळ दोन्ही वाचणार होता, तरी 'अी' वाचताना मी दर वेळी अडखळते आणि 'ई' गेली नाही याचा मनापासून आनंद होतो.

कुणाच्या घरी निर्णयसागरचं जुनं पुस्तक किंवा पंचांग असेल तर प्लीज रद्दीत देऊ नका. भिंग घेऊन एखादी ओळ बघा, शिरोरेषा नीट बघा. दोन खिळे जिथे शेजारी बसलेत तिथे केसाएवढी फट दिसते कधी कधी, आणि वेलांटी आणि अक्षर यांच्यामध्ये पण. त्या फटीच्या दोन्ही बाजूंचे खिळे कुणीतरी हाताने उचलून तिथे ठेवलेले आहेत.