जिन्यातली पांढरी पेटी

आमच्या जिन्यात, वीजमीटरांच्या शेजारी, एक पांढरी प्लास्टिकची पेटी ठोकलेली आहे. तिला वीज लागत नाही, तिच्यावर दिवा नाही, आवाजही नाही. कोळ्यांनी तिच्यामागे बिऱ्हाड केलंय. इंटरनेटच्या सगळ्या सरंजामात ही बिनकामाची दिसणारी वस्तूच मला सगळ्यात जास्त आवडते.

आत असतो स्प्लिटर. एक्सचेंजमधल्या ओएलटी नावाच्या यंत्रातून निघालेली काचेची एकच तार इथवर येते आणि हा तिच्यातला उजेड घरोघरी वाटून देतो. एका तारेवर बत्तीस, कधी चौसष्ट घरं. वाटपात वशिला नाही: दोघांत निम्मा, आठांत आठवा हिस्सा, वर थोडी तूट. तरी भागतं, कारण घरातला ओएनटी, म्हणजे तार जिथे संपते ती इंटरनेटची डबी, कमालीचा अल्पसंतुष्ट आहे. एका मिलीवॉटच्या पाचशेव्या भागावरही तो काम करतो. आणि उजेड म्हटलं तरी तो डोळ्यांना दिसणारा नव्हेच. त्याची तरंगलांबी येताना 1490 नॅनोमीटर, जाताना 1310. दोन्ही एकाच तारेतून, एकमेकांना धक्का न लावता.

मध्यंतरी रंगकाम करणाऱ्यांच्या शिडीखाली आमची तार तुटली. ओएनटीवर ‘एलओएस’चा, म्हणजे उजेड येत नसल्याचा, लाल दिवा लुकलुकू लागला. केबलवाल्याचा मुलगा आला आणि पायरीवर मांडी घालून स्प्लायसिंग मशीन उघडून बसला. तारेचं साल काढलं, स्पिरिटनं पुसलं, क्लीव्हरनं टक्कन टोक कापलं. उरली ती केसाएवढी काच, 125 मायक्रॉनची; त्यातही उजेड धावतो तो मधल्या जेमतेम नऊ मायक्रॉनमधून. मशीनच्या पडद्यावर दोन टोकं समोरासमोर सरकली, ठिणगी पडली, एक झाली. मग त्यानं हिरव्या टोपीचा कनेक्टर उजेड मोजायच्या मीटरला लावला. “मायनस एकवीस येतोय, काका. एकदम ओके.” त्या वयात मला सायकलचं पंक्चरही नीट काढता येत नव्हतं.

पण गंमत पुढेच आहे. स्प्लिटरला काय कुणाचं हे कळतच नाही. त्यामुळे तिसऱ्या माळ्यावरच्या काकूंची मालिका, समोरच्या पोराचा गेम, कुणाचं तरी बँकेचं काम, सगळं माझ्याही घरी येतं. प्रत्येकाच्या मजकुराला वेगळं कुलूप असतं. माझा ओएनटी आपलं तेवढं उचलतो, बाकीचं सोडून देतो. इतकं शेजारधर्माचं वागणं आमच्या इमारतीत दुसरं कुणी करत असेल असं वाटत नाही.

उलट दिशेला मात्र शिस्त हवी. सगळे एकदम बोलले तर आमच्या सोसायटीच्या सभेसारखं होईल. म्हणून ओएलटी प्रत्येक घराचं अंतर मोजून ठेवतो आणि ज्याला त्याला बोलायची वेळ नेमून देतो, सेकंदाचे बारीक बारीक तुकडे करून. त्या तुकड्यात लेझर लागतो, विझतो, मग पुढचा.

एखादा बिघडलेला ओएनटी आपली पाळी नसताना लेझर चालूच ठेवतो. मग त्या तारेवरच्या साऱ्यांचंच नेट कोलमडतं, आणि ज्याच्या घरी खोट आहे तोही इतरांइतक्याच जोरात तक्रार करतो. त्याला शोधायला कधीकधी एकच उपाय उरतो: पांढरी पेटी उघडायची आणि एकेक तार उपसत जायचं, बाकीचे सुरळीत होईपर्यंत.