तिथीची पाऊणपट

हर्णै, एकादशी, रात्रीचे साडेनऊ.

दुपारी पोचलो. स्वारगेटहून दापोली, तिथून दुसरी एसटी. घाटातल्या वळणांनी हललेलं पोट अजून जागेवर आलेलं नाही. नवऱ्याने यादी करून आणली आहे: सुवर्णदुर्ग, अंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, आसूदचा केशवराज, मुरूडची दुर्गादेवी. सगळं उद्यावर ढकललं. तो जरा फुरंगटला, मग माझ्याआधी तोच घोरायला लागला.

साडेचारला बंदरावर गेलो. पाणी चढायला लागलं होतं, तरी होड्या लांबच उभ्या होत्या. तिथपर्यंत बैलगाड्या जातात, बैल पोटापर्यंत पाण्यात. फोटोत हे कितीदा पाहिलंय, पण फोटोत बैलाचे डोळे दिसत नाहीत. लाट आली की तो मान वर करून डोळे मिटून घेतो, लाट गेली की उघडतो. माझी आजी डोक्यावरून पाणी घ्यायची तेव्हा अगदी अशीच करायची.

लिलाव म्हणजे ओल्या वाळूवर मासळीचे ढीग आणि भोवती बायकांचं कोंडाळं. कोळंबी, म्हाकूळ, सुरमई. बोली इतकी भरभर चढते की मला काही उमगायच्या आत ढीग विकला गेलेला असतो. एका ढिगाच्या वेळी मी उगाचच मान डोलावली, तर शेजारच्या मावशींनी कोपर मारलं. "ताई, मान हलवू नको, माल गळ्यात पडेल!"

मग त्यांच्याच पाटीतला पाच बांगड्यांचा वाटा घेतला. दीडशे म्हणाल्या. मी शंभर म्हटलं, तर त्यांनी शांतपणे पाटी झाकली. दीडशे दिले.

तिथून येऊन खोलीखालच्या पायऱ्यांवर बसलो. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, आधी तांबूस, मग नुसता काळा. आंग्र्यांचा हा किल्ला १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने घेतला, तोही पेशव्यांशी हातमिळवणी करून. तो गेल्यावर त्याच्या बायकोने लंडनमध्ये टेकडीवर त्याच्या आठवणीत बुरूज बांधला आणि नाव दिलं 'सेव्हर्नड्रूग'. सुवर्णदुर्गाचं ते साहेबी रूप. नवऱ्याने ही गोष्ट दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा मी जाळं विणणाऱ्या आजोबांकडे बघत होते.

भरती कधी पुरी होईल, असं त्यांना विचारलं. त्यांनी उलट मलाच विचारलं, "आज तिथी कोणती?"

हे मला पक्कं माहीत होतं, कारण सकाळी निघताना सासूबाई साबुदाणा निवडत बसल्या होत्या. "एकादशी."

"मग अकराची पाऊणपट करा."

मी बोटांवर केली. सव्वाआठ.

"झालं तर. सव्वाआठला पाणी पुरं."

नवरा मोबाईलमध्ये भरतीचं वेळापत्रक शोधत होता, पण रेंज नव्हती. आजोबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

काकूंनी बांगडे तळून दिले, सोबत भात आणि आमसुलाचं सार. दोन घास झाले तोच सासूबाईंचा फोन. काय जेवताय? भात आणि सार, मी म्हटलं. यात खोटं काहीच नव्हतं.

आठला मी हात धुऊन परत पायऱ्यांवर. एकूण सात पायऱ्या, पाणी खालून चौथीला लागलेलं. चांदणं भरपूर होतं. सव्वाआठला पाचवी भिजली. मग वीसेक मिनिटं ना वर ना खाली, नुसतं जागच्या जागी हलत राहिलं. वरून नवऱ्याने विचारलं, काय करतेस? काही नाही म्हटलं. पावणेनऊला पाचवी पायरी ओली होती, पण पाणी तिच्या बोटभर खाली गेलं होतं.

उद्या द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ.