मावशीला न रुसवता मुंबईत दोन दिवस

लग्नाला आठ महिने झाले तरी आम्ही दोघंच असे कुठे गेलो नव्हतो. जोतिबा झाला, नरसोबाची वाडी झाली, गणपतीपुळे झालं, पण दर वेळी गाडीत किमान पाच जण. शेवटी डिसेंबरातला एक शनिवार-रविवार मुंबईसाठी राखून ठेवला. घरात सांगितल्यावर सासूबाईंनी विचारलं, "उतरणार कुठं?" आणि आईचा फोनवरून पहिला प्रश्न, "मावशीला कळवलंस का?"

मुंबईच्या प्लॅनिंगमधली खरी अडचण हीच. हॉटेल, तिकिटं सगळं मोबाइलवर होतं. डोंबिवलीची मावशी मोबाइलवर होत नाही. तिच्याकडे उतरायचं म्हणजे सीएसएमटीला यायला फास्ट लोकलनेही तासाच्या वर, तेवढंच परत, शिवाय "जेवायच्या आत या" हे आलंच. दोन दिवसांतला अर्धा दिवस रुळांवरच गेला असता. म्हणून मीच आधी फोन केला. "मावशी, रविवारी दुपारी तू आणि काका दादरला या. जेवण आणि नाटक आमच्याकडून." पलीकडे क्षणभर शांतता. मग, "नाटक कुठलं?" रुसवा तिथेच संपला. ज्यांचे नातेवाईक ठाण्यापासून बदलापूरपर्यंत पसरलेत त्यांनी हे आधी करा, बुकिंग नंतर.

कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची: रात्री निघून सकाळी साडेसातच्या सुमारास सीएसएमटीला. पण शुक्रवार रात्रीची जाणारी आणि रविवार रात्रीची येणारी, दोन्ही भरलेल्या असतात. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं. त्याच आठवड्यात काढलं तरच निवांत झोपून जाता येतं. आम्ही दोन्ही तिकिटं एकदमच काढली. जाणारं मिळालं आणि येणारं वेटिंगवर राहिलं, तर दुसऱ्या दिवसाची सगळी मजा चार्ट तयार होण्याची वाट बघण्यात जाते.

राहायला फोर्टमध्ये, स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर. एसी खोली, रात्रीचे ३,२०० रुपये. फोटोत मोठी खिडकी होती. ती प्रत्यक्षातही होती, फक्त उघडल्यावर हाताच्या अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. लिफ्ट तिसऱ्या मजल्यापर्यंत आणि हॉटेल चौथ्यावर. तेव्हा फोन करून दोनच गोष्टी विचारा: लिफ्ट कुठपर्यंत येते आणि खिडकी कशावर उघडते. माझ्या आधारवर अजून माहेरचं आडनाव आहे. काउंटरवरच्या गृहस्थांनी दोन्ही कार्डं आलटून पालटून बघितली, मग माझ्या हातातल्या हिरव्या बांगड्या बघितल्या आणि किल्ली दिली. बांगड्यांच्या भरवशावर कुणी जाऊ नये. काही ठिकाणी आडनावावरून कटकट करतात, म्हणून तेही आधीच विचारून घ्या. खोली बाराला मिळते, पण बॅगा सकाळी ठेवून घेतात. नाही घेतल्या तर सीएसएमटीला क्लोकरूम आहे. बॅगेला कुलूप मात्र लागतं.

शनिवारी सकाळी सरळ गेटवे. घारापुरीच्या बोटी नऊच्या सुमारास सुरू होतात. पहिल्या दोन बोटींपैकी एक पकडली तर बेटावर गर्दी व्हायच्या आत पोचता. तिकीट जाऊन-येऊनचं असतं, ते परतीपर्यंत जपून ठेवा. वरच्या मजल्यावर बसायचे पैसे बोटीवर वेगळे घेतात आणि ते द्यावेत, कारण हिवाळ्यात समुद्रपक्ष्यांचे थवे बोटीबरोबर उडत असतात. लोक त्यांना शेव-कुरकुरे टाकतात. आमच्या समोरच्या जोडप्याने व्हिडिओसाठी तीन पुडे संपवले; पक्ष्यांच्या पोटाचं काय होत असेल देव जाणे.

तासाभराने बेट येतं. धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत छोटी रेल्वे आहे, पण सकाळी चालायलाच छान वाटतं. पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं. जोतिबाच्या पायऱ्या चढलेल्यांना काही वाटणार नाही. खाण्याची पिशवी हातात धरू नका, माकडं ती नुसती मागत नाहीत. नवऱ्याच्या हातातली सरबताची बाटली गेली. माकडाने टोपण फिरवून उघडली, प्यायली आणि रिकामी बाटली खाली टाकली.

मुख्य लेण्यात शिरल्यावर मात्र आमची बडबड थांबली. समोरची सदाशिवाची मूर्ती जवळजवळ वीस फूट उंच. शाळेच्या पुस्तकात हिला त्रिमूर्ती म्हणून बघितलेलं, पण त्या चित्रावरून अंधाराची कल्पना येत नाही. बाहेरच्या उन्हातून आल्यावर आधी फक्त खांब दिसतात. डोळे सरावले की मधला शांत चेहरा आणि बाजूचे दोन हळूहळू पुढे येतात. तिथे घाई करू नका, पाच मिनिटं नुसतं उभं राहा. पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून बेटाला एलिफंटा म्हटलं, तो हत्ती आता बेटावर नाही, भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. लेणी सोमवारी बंद असतात, म्हणजे जोडून सुट्टी घेणाऱ्यांनी घारापुरी शनिवार-रविवारीच उरकावी.

दोनला परत. जेवण, आंघोळ, दोन तास झोप. झोपेबद्दल मला जराही अपराधी वाटत नाही.

संध्याकाळी साडेपाचला मरीन ड्राइव्ह. डिसेंबरात सहाच्या आसपास सूर्य बुडतो, त्यामुळे सातला पोचून उपयोग नाही. कट्ट्यावर समुद्राकडे पाय सोडून बसलो. पाठीमागच्या गोलसर बाल्कन्यांच्या इमारती २०१८ साली जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, हे मी वाचून गेले होते आणि सांगितलंही. नवरा म्हणाला, "रंकाळाच आहे, नुसता मोठा." मग गिरगाव चौपाटीपर्यंत चालत गेलो आणि भेळ खाल्ली. रंकाळ्याची बरी, यावर एकमत झालं.

परत येताना लोकलचा अनुभव घ्यायचा होता. माझं गणित असं होतं की पहिली लोकल शेवटच्या स्टेशनकडे जाणारी घ्यावी, म्हणजे उतरायचं चुकत नाही. चर्नी रोडहून चर्चगेट, मध्ये फक्त मरीन लाइन्स. मी लेडीज डब्यात, तो जनरलमध्ये, भेटायचं इंडिकेटरखाली. हे आधी ठरवाच, गर्दीत फोन ऐकू येत नाही. गणितात एक चूक होती. संध्याकाळी चर्चगेटला गाडी थांबायच्या आत परतीच्या प्रवासासाठी बायका जागा धरायला आत उड्या मारतात. मी निवांत उठले आणि पुन्हा बाकावर बसले, म्हणजे बसवली गेले. शेजारच्या बाईंनी हात धरला. "थांब, यांचं होऊ दे, मग उतर." गाडी थोडा वेळ उभी असते, उतरायला मिळतं. दारात मात्र उभं राहू नका.

रविवारी सकाळी फोर्ट. एरवी ऑफिसच्या गर्दीत वाहून जाणारे हे रस्ते रविवारी सातला मोकळे असतात. सीएसएमटीची इमारत समोरच्या फुटपाथवरून नीट बघता येते. आदल्या दिवशी तिच्या पोटातून बाहेर पडताना आम्ही वर बघितलंही नव्हतं. हुतात्मा चौक, हॉर्निमन सर्कल, एशियाटिकच्या पायऱ्या. पायऱ्यांवर तीन प्री-वेडिंग शूट एकाच वेळी चालू होती आणि फोटोग्राफर एकमेकांना "जरा सरका ना" म्हणत होते. इकडे रिक्षा मिळत नाहीत, त्या शीव आणि वांद्र्यापर्यंतच. काळी-पिवळी टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये आहे, "मीटर?" एवढं विचारून बसा.

खोली सोडून बॅगा काउंटरवर ठेवल्या आणि दादरला निघालो. इथे एक महत्त्वाचं: रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी काही लोकल बंद किंवा वळवलेल्या. साधारण अकरा ते चार. कुठल्या मार्गावर आहे ते शनिवारी जाहीर होतं आणि ते बघितल्याशिवाय रविवारची वेळ कुणाला देऊ नये. आम्ही भुयारी मेट्रोने गेलो. ती ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत धावते, सीएसएमटीलाच स्टेशन आहे आणि तिला मेगाब्लॉकशी देणंघेणं नाही. दादर मेट्रोतून बाहेर पडून साडेबाराला आम्ही ठरल्या जागी हजर.

मावशी नव्हती. फास्ट गाड्या स्लो मार्गावर वळवल्या होत्या आणि ती मुलुंडच्या अलीकडे अडकली होती. "चाळीस वर्षं राहतेय इथे, आणि मेगाब्लॉक विसरले. काकांना सांगू नकोस मी कबूल केलं म्हणून," असा फोन आला. काका तिच्या शेजारीच होते, हसू ऐकू येत होतं.

ते आले सव्वाला. 'आस्वाद'समोर तोवर नावं लिहिलेल्यांची रांग फुटपाथवर आली होती, रविवारी पाऊण तास धराच. मिसळ आली. नवऱ्याने पहिला घास घेतला, वाटीत वाकून बघितलं आणि हळूच मला विचारलं, "कट वेगळा देतात का?" मावशीने ऐकलं. "जावईबापू, इकडे मिसळ खाऊन माणसाला पुढे नाटकही बघायचं असतं." साबुदाणावडा आणि पीयूष मात्र त्याने दोनदा मागवलं.

शिवाजी मंदिर नाट्यगृहात चारचा प्रयोग. तिकिटं ऑनलाइन मिळतात. बाल्कनी घेऊ नका असं काकांचं मत, मी ते तसंच पुढे पाठवते. मध्यंतरात बटाटेवडा खायचाच असतो, हे त्यांनी मत म्हणून नाही, नियम म्हणून सांगितलं.

साडेसहाला सुटलो, मेट्रोने सीएसएमटी, बॅगा घेतल्या, साडेसातला फलाटावर. दोघांचा सगळा खर्च रेल्वे धरून बारा हजारांच्या आत बसला. गाडी हलल्यावर मावशीने दिलेली पिशवी उघडली. थालीपीठं, लोणी, आणि एका डब्यावर चिकटपट्टीने लावलेली चिठ्ठी: "डबा परत हवाय. स्वतः आणून द्या, राहायला."