बडी बोल्डनच्या मागावर न्यू ऑर्लिन्समध्ये

ह्यूस्टनकडची आपली मंडळी न्यू ऑर्लिन्सला येतात, फ्रेंच क्वार्टरमध्ये बेन्ये (पिठीसाखर भुरभुरलेले तळलेले पाव) खातात, बँडसोबत फोटो काढतात आणि परततात. जॅझचा आद्य वादक बडी बोल्डन मात्र तिथला नव्हे. त्याचं गाव कॅनाल स्ट्रीटच्या पलीकडे.

बोल्डनचा जन्म १८७७चा. पेशानं गिलावा करणारा, वाजवायचा कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखं वाद्य. १९००च्या आसपास त्याचा बँड गावात सगळ्यात गाजलेला होता. १९०६पासून डोकं बिघडत गेलं, १९०७ मध्ये लुइझियानातल्याच जॅक्सनच्या वेड्यांच्या इस्पितळात टाकलं आणि १९३१ मध्ये तिथेच वारला. तो न्हावी होता ही कथा गाइड अजून सांगतात, ती खोटी. त्याचं एकही ध्वनिमुद्रण हाती लागलेलं नाही. बँडचा म्हणून एकच फोटो आहे. तो एका बाजूनं छापला तर गिटारवाला डावखुरा दिसतो, उलटा छापला तर क्लॅरिनेटवाल्यांचे हात चुकतात. खरी बाजू कुठली, यावर जाणकार अजून भांडतात.

साउथ रॅम्पार्ट स्ट्रीटवर ईगल सलून या जुन्या दारूच्या गुत्त्याची इमारत बाहेरूनच पाहायची. शेजारचं कार्नोफ्स्कींचं दुकान, जिथे लहानपणी जॅझचा पुढचा बादशहा लुई आर्मस्ट्राँगला आधार मिळाला, ते २०२१च्या आयडा वादळात कोसळलं. पर्डिडो स्ट्रीटवरचा, बोल्डननं गाजवलेला हॉल तर कधीच पाडला. त्यामुळे इथे अर्धा तास पुरे.

फर्स्ट स्ट्रीटवरचं २३०९ क्रमांकाचं बोल्डनचं घर 'शॉटगन' पद्धतीचं, आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक खोल्या. आत जाता येत नाही. वस्ती राहती आहे, तेव्हा दिवसाउजेडी टॅक्सीनं जा आणि कुणाच्या ओट्यावर चढू नका.

वेळ ठेवायचा तो होल्ट दफनभूमीसाठी. 'सेमेटरीज' पाटीची ट्राम शेवटपर्यंत घ्या (भाडं सव्वा डॉलर, सुटे हवेत, दिवसाचा पास ३ डॉलरचा), मग सिटी पार्क अॅव्हेन्यूनं चालत. या गावातल्या प्रसिद्ध कबरी जमिनीवर बांधलेल्या, पण होल्ट गरिबांची, म्हणून इथे माणसं मातीतच पुरलेली. लाकडी फळ्यांवर हातानं रंगवलेली नावं, कुठे प्लास्टिकची फुलं. बोल्डनची नेमकी जागा कुणालाच ठाऊक नाही. १९९८ मध्ये एक स्मारकशिळा तेवढी उभारली. मला सगळ्या सहलीत हीच जागा खरी वाटली. सकाळीच जा, पाणी न्या आणि पाऊस पडून गेला असेल तर चपला नकोत, चिखल होतो.

आर्मस्ट्राँगचं पहिलं कॉर्नेट जुन्या टांकसाळीतल्या जॅझ म्युझियममध्ये आहे, सोमवार टाळा. संध्याकाळी प्रिझर्वेशन हॉल या जॅझ मैफिलींच्या जागेचं तिकीट आधी ऑनलाइन काढा. बाकं थोडी आहेत, उभं राहायची तयारी ठेवा. फोन खिशातच ठेवायचा, चित्रीकरण चालत नाही.