तियानजिनचे शिफू आणि अण्णांचं दुकान

घमेल्यात अर्ध्यापर्यंत पाणी होतं. म्हाताऱ्यांनी ट्यूबमध्ये हवा भरली, वीत-वीत करत ती पाण्यातून फिरवली, बुडबुडे आले तिथं अंगठा दाबला आणि ट्यूब वर काढली. फडक्यानं पुसली, घासली, सोल्यूशन लावलं. ते वाळेपर्यंत रबराचा तुकडा कातरून त्याच्या कडा गोल केल्या. बार्शीला अण्णांच्या सायकलच्या दुकानात पायरीवर बसून मी हे किती वेळा पाहिलं असेल त्याची गणती नाही. इथं फक्त चौक तियानजिनचा होता आणि अण्णांच्या जागी सत्तरीचे एक शिफू होते. हातात कसब असलेल्या माणसाला तिकडे ‘शिफू’ म्हणतात. आपल्याकडच्या ‘मिस्त्री’ला जो मान आहे, तोच या शब्दाला.

कंपनीच्या कामासाठी गेलो होतो. मशिनं तपासायची, कागदांवर सह्या करायच्या, एवढंच. बीजिंगहून जलद रेल्वेनं तियानजिन अर्ध्या तासावर आहे. पण गाव ठरल्याबरोबर माझ्या डोक्यात दुसरंच काही सुरू झालं होतं, कारण फ्लाइंग पिजन सायकल या शहरातली. चिनीत तिला ‘फेइग’ म्हणतात, उडतं कबूतर.

1936 साली एका जपानी मालकानं इथं सायकलचा कारखाना काढला. क्रांतीनंतर तो सरकारकडे आला आणि 5 जुलै 1950 रोजी पहिली फ्लाइंग पिजन बाहेर पडली. बांधणी इंग्लंडच्या रॅले रोडस्टरवरून घेतलेली: 28 इंची चाकं, काळा रंग, स्प्रिंगचं सीट, पूर्ण चेनकव्हर, गिअर नाही आणि ब्रेक रॉडचे. चिनी लोक या जातीच्या सायकलला ‘अरबा दा कांग’ म्हणतात, म्हणजे ‘अठ्ठावीसची मोठ्या दांड्याची’. दुभाषी मुलीनं हा अर्थ सांगितला तेव्हा मी रस्त्यातच थांबलो. आपल्याकडच्या हर्क्युलिस, ॲटलास याच घराण्यातल्या. दूधवाल्याची, पोस्टमनची, गुरुजींची सायकल तीच.

त्या काळात चीनमध्ये ही सायकल नुसते पैसे मोजून मिळत नसे. कूपन लागायचं, आणि किंमत कामगाराच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी. लग्न ठरवताना ‘तीन फिरणाऱ्या आणि एक वाजणारी’ अशा वस्तूंची अपेक्षा असायची: सायकल, शिलाई मशीन, मनगटी घड्याळ आणि रेडिओ. शांघायच्या फिनिक्स आणि फॉरेव्हर या सायकलींनाही असाच मान होता. फेब्रुवारी 1989 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश बीजिंगला आले तेव्हा पंतप्रधान ली फंग यांनी बुश पती-पत्नींना फ्लाइंग पिजन सायकलीच भेट दिल्या. सत्तरच्या दशकात बुश बीजिंगला अमेरिकेचे प्रतिनिधी होते, तेव्हा दोघं नवरा-बायको गावभर सायकलनंच फिरत.

शिफूंच्या मागे भिंतीला तसलीच एक काळी सायकल टेकून ठेवलेली होती. गिऱ्हाइकाची नाही, त्यांची स्वतःची. मी हात लावू का म्हणून विचारलं. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि मान हलवली. मी खाली बसून ब्रेकचा जोड पाहिला. हँडलखालच्या मुठीपासून लोखंडी दांडी खाली येते, तिथं घोड्याच्या नालेसारखा तुकडा असतो आणि त्याच्या दोन टोकांना रबर. ब्रेक दाबला की नाल वर ओढली जाते आणि रबर रिमच्या आतल्या अंगाला जाऊन बसतं. हे सगळं उघड्यावर असतं. काय बिघडलं ते डोळ्यांनी दिसतं आणि एका पान्यानं दुरुस्त होतं. पहिल्यांदा सायकल घेणाऱ्या खेड्यातल्या माणसाला दुसरं काय हवं असतं? मला हे डिझाइन फार थोर वाटतं. ते जुनं आहे म्हणून मी हे म्हणत नाही. वापरणाऱ्याला ते परावलंबी करत नाही म्हणून म्हणतो.

लहानपणी सायकल कशी शिकलात, असं विचारल्यावर शिफू उठले आणि दांड्याखालून पाय घालून, अंग तिरकं करून पेडल मारण्याची नक्कल करून दाखवली. मीही उठून तीच नक्कल केली. दुभाषी मुलगी हसत सुटली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं आयुष्यात कधी सायकल विकत घेतलेली नाही.

तिची सायकल मोबाइलमध्ये आहे. 2014 साली पेकिंग विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी ओफो ही मोबाइलवरून सायकल भाड्यानं देणारी कंपनी सुरू केली, 2016 मध्ये शांघायला तसलीच मोबाइक उतरली, आणि बघता बघता शहरं पिवळ्या-केशरी सायकलींनी भरून गेली. मोबाइकची पहिली सायकल मी नीट अभ्यासली आहे. तिला चेन नव्हती, चेनच्या जागी शाफ्ट होता. टायर भरीव, म्हणजे पंक्चरचा प्रश्नच मिटला. कुलुपात जीपीएस. चार वर्षं कुणी हात लावायची गरज पडू नये असा हेतू होता. वजन मात्र 25 किलोच्या घरात गेलं, चालवताना दम निघायचा, म्हणून पुढे हलकी, चेनवाली आली.

आणि मग मोजमाप सुटलं. 2018 च्या सुरुवातीला सरकारी आकडा होता 77 कंपन्या आणि 2 कोटी 30 लाख सायकली. एकट्या ओफोनं फिनिक्सशी वर्षभरात 50 लाख सायकलींचा करार केला होता. 2018 संपता संपता ओफोकडून अनामत परत मागणाऱ्यांची ऑनलाइन रांग एक कोटीच्या पुढे गेली आणि थकलेल्या बिलासाठी फिनिक्सला कोर्टात जावं लागलं. त्याच वर्षी पुण्यातही ओफो आणि मोबाइकच्या सायकली फुटपाथवर उभ्या दिसत होत्या. नंतर त्या कुठे गेल्या ते पुणेकरांना ठाऊक आहे.

तियानजिनच्या वूछिंग भागात वांगछिंगथुओ नावाचं गाव आहे. घरटी सायकलचं काम, अशी त्याची ख्याती. रविवारी आम्ही तिथं गेलो. ज्या शेडमध्ये आम्हाला आत घेतलं तिथं सात-आठ माणसं कामाला होती. शेयर्ड सायकलींच्या लाटेत इथं ऑर्डरी धो धो आल्या, लोकांनी कर्ज काढून शेडा वाढवल्या आणि लाट ओसरल्यावर त्या रिकाम्या राहिल्या. बाजूची शेड मालकानं हातानं दाखवली. कुलूप गंजलेलं होतं. त्या विषयावर तो जास्त बोलला नाही, मीही विचारलं नाही.

आत एक बाई चाकं भरत होती. हबमध्ये 36 तारा ओवायच्या, एक आतून एक बाहेरून, मग रिमच्या भोकांत बसवायच्या. तिचे हात चालू होते आणि नजर दाराबाहेर खेळणाऱ्या पोराकडे होती. भरलेलं चाक शेजारच्या माणसाकडे जायचं, आउट काढायला, म्हणजे सरळ करायला. मी न राहवून विचारलं, एक मी करू? त्यानं स्टूल सरकवून दिलं. चाक फिरवलं, रिम कुठे डावीकडे घासते ते पाहिलं, उजवीकडची तार पाव फेरा आवळली, समोरची सैल केली. अण्णा सांगायचे, तारेला टिचकी मार, सगळ्या एका सुरात वाजल्या पाहिजेत. मी टिचकी मारली. तो माणूस दचकून बघायला लागला, मग त्यानंही मारली आणि अंगठा वर केला. ते चाक आज चीनमध्ये कुठल्या तरी सायकलला असेल.

रस्त्यांबद्दल एक सांगितलंच पाहिजे. मोटारी वाढल्या तेव्हा चीनमध्येही सायकल मागे रेटली गेली, पण बऱ्याच ठिकाणी कठडा घालून वेगळी केलेली सायकलींची पट्टी रस्त्यावर तशीच राहिली. म्हणून भाड्याच्या सायकली आल्या तेव्हा त्यांना धावायला जागा होती. आज त्या पट्टीवर सर्वांत जास्त इलेक्ट्रिक दुचाक्या असतात. 2019 च्या नियमाप्रमाणे नव्या गाडीचा वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत, वजन 55 किलोच्या आत आणि पेडल हवंच होतं. पेडल मारताना मात्र मला कुणी दिसलं नाही. पुण्यात आधी पट्टी गेली की आधी सायकल गेली, याचा मी हाय नदीच्या काठानं जाताना विचार करत होतो. माझ्या मते पट्टीच कधी धड नव्हती.

परतीच्या आदल्या दिवशी पुन्हा शिफूंकडे गेलो. ज्या भाड्याच्या सायकलवर आलो होतो तिचं सीट खाली घसरत होतं. त्यांना म्हटलं, जरा आवळून द्या. त्यांनी पाने काढले, वाकून पाहिलं आणि ठेवून दिले. स्क्रूचं डोकं वेगळ्याच आकाराचं होतं, कुणी चोरू नये म्हणून केलेलं. तसला पाना फक्त कंपनीच्या माणसाकडे असतो. ‘या सायकलींचं मला काही करता येत नाही,’ ते म्हणाले. ‘ट्रक येतो आणि घेऊन जातो.’ दिवसाला किती पंक्चर येतात विचारलं, तर त्यांनी आधी चार बोटं वर केली, मग एक मिटवलं.

मी त्यांच्याकडून रॉडब्रेकच्या रबराचे दोन जोड घेतले. ते पैसे घेत नव्हते, दुभाषी मुलीनं आग्रह करून घ्यायला लावले.

बार्शीला अण्णांनी दुकान केव्हाच बंद केलंय, पण त्यांची हर्क्युलिस ओसरीत घोड्यावर उभी असते. रबर हातात घेऊन त्यांनी ते नखानं दाबून पाहिलं, वास घेतला आणि काही न बोलता हत्यारांचा डबा आणायला आत गेले. जुनं रबर काढलं, नवं सरकवलं, नट आवळला. चाक फिरवलं आणि ब्रेक दाबला. रबर रिमच्या आतल्या अंगाला दोन्हीकडून एकदमच जाऊन बसलं.

‘मापाचं आहे की रे,’ अण्णा म्हणाले, आणि दुसरा जोड मागितला.