पिको-फॉलपासून नवरीच्या व्हेलपर्यंत: आमची वाटचाल

२०१३ चा उन्हाळा जालन्यातल्या कुणालाच विसरता यायचा नाही. टँकर आला की हंडे घेऊन पळायचं, परत येऊन मशीनवर बसायचं असं चाललं होतं. माझं तेव्हा घराच्या पुढच्या खोलीत पिको-फॉलचं काम होतं, एक पिको मशीन, एक साधी पायाची, बस. पण दुष्काळात साडीच कुणी घेईना तर पिकोला कोण येणार, खेड्यातली लग्नंसुद्धा पुढं ढकललेली. त्याच दिवसांत आमच्या गल्लीतल्या ख्रिस्ती मावशी पिशवीत चार मीटर पांढरी नेट घेऊन आल्या. पोरीचं लग्न पंधरा दिवसांवर, गाऊन पाहुण्यांकडून मिळाला होता पण व्हेल, म्हणजे ख्रिस्ती नवरी डोक्यावरून मागं सोडते ते नेटचं वस्त्र, तो नव्हता आणि रेडीमेडचा भाव ऐकून त्या दुकानातून तशाच परत आलेल्या. म्हणाल्या, "घरीच करायलोत माय, बाकीचं मला येतंय, फक्त कड तेवढी करून दे."

मी व्हेल आयुष्यात हातात धरला नव्हता. कड म्हणजे पिको एवढं मला माहीत, म्हणून साडीसारखीच नेट मशीनखाली सरकवली आणि दोन इंचांतच मशीननं ती खाल्ली. नेट म्हणजे सगळी छिद्रंच, सुई खाली जाताना नेटला पण सोबत घेऊन जाते आणि प्लेटच्या फटीत गोळा होतो. मग मी खाली वर्तमानपत्राची पट्टी धरून शिवलं, टाका एकदम छान आला, मी खूष, आणि कागद फाडून काढला तर पांढऱ्याशुभ्र कडेला सगळीकडं शाईचे राखाडी ठिपके. साबण लावला, लिंबू लावलं, जाईनात. दुसऱ्याच्या लेकीचं लग्नाचं वस्त्र, मला रात्रभर झोप नाही. पहाटे उठून सगळ्या कडेनं एक एक इंच कापून काढलं.

कापल्यावर ती कड हातात घेऊन बघत बसले तर एक धागासुद्धा सुटेना. साडीचं कापड उभ्या-आडव्या धाग्यांचं, कापलं की धागे निसटायला लागतात, म्हणून तर पिको लागतो. नेटचे धागे एकमेकांत अडकवलेले असतात, सहा कोनांची छिद्रं, त्यामुळं ते निसटत नाहीत. म्हणजे नेटला कड केलीच पाहिजे असं नाही, नुसती कापून सोडली तरी चालते. मी मावशींना तसं दाखवलं, तर त्यांचा चेहरा उतरला, "बिनकाठाचं कसं घालू गं लेकीला?" मला ते एकदम पटलं, आपल्याकडं काठाशिवाय वस्त्र अर्धवटच वाटतं, मग नवरी कुठल्याही धर्माची असो. शेवटी भरतकामाला वापरतात तो बटर पेपर आणला, मशीनला ११ नंबरची बारीक सुई लावली, दोऱ्याचा ताण ढिला केला, पिकोचा टाका अगदी अरुंद ठेवला आणि नेट अजिबात न ओढता नुसती हातानं पुढं सोडत गेले. ओढली की कड झालरीसारखी लाटा मारते. कागद टाक्यावरून अलगद फाटून येतो, राहिलेले कण चिमट्यानं वेचायचे. मावशींनी तो व्हेल खिडकीतल्या उजेडात धरला आणि डोळे पुसले, आणि मजुरी द्यायला लागल्या तर मी घेतली नाही, माझ्या हातून चूक झालेली होती.

जालना-संभाजीनगर भागात ख्रिस्ती समाज जुना आहे, रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल गाव वसवलं ते एकोणिसाव्या शतकात, तेव्हापासूनची मराठी बोलणारी घरं आहेत. मावशींच्या पोरीचा व्हेल चर्चमधे बायांनी बघितला आणि इस्टर झाल्यावर पुढच्या वर्षी सात ऑर्डर आल्या. सात म्हणजे आमच्यासाठी खूप होत्या. जाऊबाईंना सोबत घेतलं, आमच्या ह्यांनी नेट आणायचं काम घेतलं.

नेटनं पण शिकवलं बरंच. पहिल्यांदा स्वस्त म्हणून कॅनकॅन आणली, ती घागऱ्याच्या आत फुगवायला लावतात, डोक्यावर घेतली की छत्रीसारखी उभी राहते. व्हेलला सॉफ्ट नेटच पाहिजे. एका व्यापाऱ्यानं चाळीस मीटर पांढरी म्हणून पिवळसर नेट पाठवली आणि परत घ्यायला नाही म्हणाला, दुकानाच्या ट्यूबलाईटखाली आम्हाला ते दिसलंच नव्हतं. तेव्हापासून गाठोडं आधी उन्हात न्यायचं, पांढऱ्या वहीच्या पानावर ठेवून बघायचं आणि मगच पैसे.

२०१८ च्या शेवटी प्रियांका चोप्राचं जोधपूरला लग्न झालं, तिचा व्हेल ७५ फूट लांब, आणि जो तो मोबाईलमधे तोच फोटो घेऊन यायला लागला. मी पोरींना एकच विचारायचे, चर्चची मधली वाट किती लांब आहे आणि मागं धरायला कोण आहे? बहुतेकींना मागं दीड-दोन हात लोळेल एवढाच बस होतो. त्याच वर्षी दीपिकाची ‘सदा सौभाग्यवती भव’ लिहिलेली ओढणी गाजली, मग हिंदू नवरींच्या पण नेटच्या ओढण्या यायला लागल्या. एकीनं हौसेनं पैठणीचा काठ कापून नेटला लावायला सांगितला. मी लावला पण मन नव्हतं, आणि तसंच झालं, काठाच्या वजनानं नेट लोंबली, पिन लावली तिथं फाटली. आता मी स्पष्ट नाही म्हणते, पैठणी शेल्याला लावा, नेटला नको.

कडेचं म्हणाल तर माझं मत असं झालंय की व्हेल कुठं घालणार त्यावर ती ठरवावी. आपल्याकडं मे महिन्यात लग्न, चर्चमधे पंखे फुल्ल, दाराशी कूलर, नुसती कापलेली कड असेल तर व्हेल सारखा उडतो आणि नवरीचं लक्ष त्यातच. तिथं पाव इंची सॅटिन रिबन लावली की कडेला वजन येतं आणि व्हेल पाठीवर शांत बसतो. पण रिबन सरळ कडेला बसते, गोलाईवर तिच्या चुण्या पडतात, गोलाईला सॅटिनची उरेब, म्हणजे तिरकी, पट्टी कापून लावावी लागते आणि तिला वेळ लागतो, म्हणून तिची मजुरी जास्त. पिकोमधे तंगूस घालून पण कड करतात, मासे धरायची नायलॉनची तंगूस, तिनं कड छान लाटेसारखी उभी राहते. खांद्यापर्यंतच्या छोट्या व्हेलला शोभते, लांबला मी लावत नाही, तंगूस रिळावरचं वळण सोडत नाही आणि खाली जमिनीवर कड पिरगळते. लेस मात्र हातानंच, मशीननं लेसखालची नेट गोळा होते.

मग २०२० आलं. लग्नाला पन्नास माणसं, दुकान बंद, आम्ही मास्क शिवून दिवस काढले. त्यात अंबडकडच्या एका पोरीचा फोन, "ताई, गाडी बंद हाय, नेट घरात हाय, तुम्ही सांगा मी शिवते." व्हिडिओ कॉलवर दोन दुपारी मी तिच्याकडून व्हेल करून घेतला. नेट लांबीत दुमडून टाचण्या लाव, नाहीतर थर सरकतात. खडू नेटवर दिसत नाही, रंगीत दोऱ्यानं कच्चे टाके घालून खूण कर. कोपऱ्याला गोलाई पाहिजे तर घरातली परात उपडी ठेव. कापताना कात्री टोकापर्यंत मिटू नको, अर्धी मिटली की पुढं सरकव, नाहीतर कडेला दाते पडतात. मग वरच्या बाजूला दोन ओळी धावदोरा घालून ओढायचं, ५८ इंच पन्हा साडेतीन इंचात गोळा होतो. पण गाठ नेटच्या छिद्रातून निसटते, तिची तीन वेळा निसटली, पोरगी रडकुंडीला आली, तर म्हटलं सॅटिनची बोटभर पट्टी मागं ठेव आणि गाठ त्या पट्टीवर मार, ती बसली. शेवटी व्हेल केसांत अडकवायला लावतात त्या कंगव्याच्या प्रत्येक दातात दोरा दोनदा गुंडाळत पट्टी शिवायची, दात डोक्याकडं वळलेले आहेत ना ते बघूनच. कड तिनं नुसती कापलेली ठेवली, आणि खरं सांगते, आमच्या दुकानातल्या कितीतरी व्हेलपेक्षा ती कापणी सफाईदार होती. इस्त्री तेवढी करू नको म्हटलं, गरम इस्त्रीनं नेट वितळते, बाथरूममधे गरम पाण्याची बादली ठेवून वाफेवर टांग.

ती पोरगी लॉकडाऊननंतर आमच्याकडं कामाला लागली, आज कापणी सगळी तीच करते. आता आम्ही पाचजणी आहोत, दोन पिको मशीन, एक इंटरलॉक, आणि १०८ इंची पन्ह्याची नेट बाहेरून मागवतो म्हणजे मोठ्या व्हेलला जोड येत नाही. पिको-फॉल पण बंद केलेलं नाही, ते बंद करायचं पण नाही.

मागच्या महिन्यात त्याच मावशी आल्या, धाकटीचं लग्न ठरलंय. थोरलीचा व्हेल सोबत आणला होता, जुन्या पातळात गुंडाळून ठेवलेला, एका जागी उंदरानं कुरतडलेला पण पिको सगळीकडं शाबूत. कुरतडलेला भाग काढायचा तर व्हेल कमी होणार आणि धाकटी थोरलीपेक्षा उंच, जमिनीपर्यंत काही पुरत नाही. हात खाली सोडल्यावर बोटांच्या टोकापर्यंत येईल एवढा करायचं ठरलं, कड परत पिकोचीच, मावशींना दुसरी नकोच होती. यावेळी मजुरी घेतली, त्यांनी घ्यायलाच लावली.

इस्टरनंतरच्या ऑर्डर घेणं चालू आहे. माप पाठवताना कंगवा डोक्यावर जिथं बसणार तिथून जमिनीपर्यंत घ्या, आणि लग्नात घालणार आहात तेच सँडल घालून घ्या, दोन-तीन इंचांचा फरक पडतो.