जॉर्जिया : सेवा-सभागृह आणि त्यामागचे शासन

जॉर्जियाला जाणारे बहुतेक मराठी प्रवासी काझबेगीची शिखरे, काखेतीचे द्राक्षमळे आणि जुन्या तिबिलिसीतील लाकडी सज्जे पाहून परततात. माझा हेतू थोडा निराळा होता. नोकरीची बहुतेक वर्षे महसूल खात्यात गेल्यामुळे, साम्यवादी राजवटीतून बाहेर पडलेल्या एका छोट्या देशाने आपले सरकारी कार्यालय कसे बदलले, हे मला प्रत्यक्ष पाहायचे होते. ज्यांना याच कारणासाठी तिथे जायचे असेल, त्यांच्या उपयोगी पडेल असे या वृत्तांतात मांडत आहे.

माझा पहिला सल्ला असा की नव्या चकचकीत इमारतींपासून सुरुवात करू नये. राजधानी तिबिलिसीच्या रुस्तावेली मार्गावरील राष्ट्रीय संग्रहालयात सोव्हिएत काळाचे स्वतंत्र दालन आहे, तिथे आधी जावे. संग्रहालये सोमवारी बंद असतात, हे ध्यानात ठेवून दिवस आखावा. शहरातून वाहणाऱ्या कुरा नदीच्या काठावर महामार्ग-बांधणी मंत्रालयाची १९७५ची इमारत आहे. काँक्रीटचे लांबट ठोकळे एकमेकांवर आडवेतिडवे रचावेत अशी तिची ठेवण आहे आणि आता तिथे बँक ऑफ जॉर्जियाचे मुख्यालय आहे. सोव्हिएत व्यवस्थेत रस्त्यांपासून दुकानांपर्यंत सर्व काही शासनाचेच असल्यामुळे अधिकारी हा परवानगी देणारा, पुरवठा करणारा आणि देखरेख करणारा असा एकाच वेळी तिन्ही होता. एप्रिल १९९१मध्ये देश स्वतंत्र झाला, पाठोपाठ यादवी झाली, आणि त्यानंतरचे नेते एदुआर्द शेवर्दनाझे यांच्या कारकिर्दीत शासनाची तिजोरी रिकामी असताना हेच अधिकारी अत्यल्प पगारावर तसेच कामावर राहिले. पगार पुरत नसल्यामुळे लाच हेच उत्पन्न झाले. वाहतूक पोलिसांच्या जागा विकत घेतल्या जात आणि वसुलीचा वाटा वर पोहोचवला जाई.

शेवर्दनाझे यांना पायउतार करणाऱ्या, नोव्हेंबर २००३मधील ‘गुलाब क्रांती’ या शांततामय जनआंदोलनानंतर मिखाइल साकाश्विली सत्तेवर आले. त्यांच्या सरकारने २००४मध्ये वाहतूक पोलिसांचे संपूर्ण दलच बरखास्त केले. सुमारे पंधरा हजार माणसे घरी गेली, परीक्षा घेऊन नवे गस्ती दल उभारण्यात आले आणि पगार अनेक पटींनी वाढवण्यात आला. काचेच्या भिंतींची पोलीस ठाणी याच काळातली आहेत. मी गेलो होतो त्या ठाण्यात आतले टेबल, त्यामागचा शिपाई आणि समोर बसलेला तक्रारदार असे तिघेही रस्त्यावरून स्पष्ट दिसत होते. बाहेरून पाहण्यास कोणाची हरकत नसते; छायाचित्र काढण्यापूर्वी मात्र आत जाऊन विचारावे.

यानंतर तिबिलिसीच्या सार्वजनिक सेवा-सभागृहात जावे. नदीकाठची ही इमारत २०१२मध्ये उघडली. इटालियन वास्तुरचनाकार मास्सिमिलियानो आणि दोरियाना फुक्सास यांनी तिचा आराखडा केला असून, वर प्रचंड छत्र्या उघडल्याप्रमाणे पांढरी छते आहेत. सकाळी दहाच्या सुमारास जाणे चांगले, कारण तेव्हा पुरेशी वर्दळ असते आणि काम कसे चालते ते नीट दिसते. दारातून आत शिरताच एक तरुण कर्मचारी पुढे येऊन काय काम आहे ते विचारतो आणि यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी काढून देतो. जन्मदाखला, पारपत्र, ओळखपत्र, जमिनीची नोंद, कंपनीची नोंदणी, कागदपत्रांचे प्रमाणीकरण या साऱ्यांसाठी छत एकच आहे.

मी ज्या बाकावर बसलो होतो तिथे शेजारी एक वृद्ध शेतकरी मुलीसह आला होता. त्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी पडून फाटू लागलेला, १९९०च्या दशकातील जमीनवाटपाचा कागद होता. त्याचा क्रमांक लागल्यावर टेबलावरील मुलीने तो कागद उलगडून सपाट केला, त्याची प्रतिमा संगणकात घेतली, पडदा त्याच्याकडे वळवून नकाशावरील तुकडा दाखवला आणि शेजाऱ्याच्या हद्दीशी तो कुठे भिडतो हे बोट ठेवून समजावले. अर्ज तिनेच भरला. त्याने फक्त सही केली, आणि निर्णय देणारा अधिकारी त्याला कुठेच भेटला नाही. टेबलावरचा माणूस फक्त अर्ज घेतो. निर्णय देणारा दुसरीकडे असतो आणि अर्जदार कोण हे त्याला चेहऱ्याने ठाऊक नसते. घाई असल्यास जास्त शुल्क भरून लवकर काम करून घेता येते, पण ते शुल्क उघड दरपत्रकात असते आणि सरकारच्या खात्यात जाते. चिरीमिरीची जागा शुल्काने घेण्याचा हा उपाय मला फार मोलाचा वाटतो.

जमिनीचा विषय आपल्या वाचकांना जवळचा असल्याने त्यावर थोडे अधिक लिहितो. १९९२पासून सामूहिक शेते मोडून ग्रामीण कुटुंबांना सव्वा हेक्टरपर्यंत जमीन देण्यात आली, पण मोजणी धड झाली नाही आणि नोंदी जिल्ह्याजिल्ह्यांत विखुरल्या. २००४मध्ये सार्वजनिक नोंदणीची राष्ट्रीय संस्था स्थापन करून सर्व नोंदी तिच्याकडे देण्यात आल्या. तरीही लाखो तुकडे नोंदीविना राहिले आणि २०१६मध्ये विशेष कायदा करून मोजणी व नोंदणी मोफत करावी लागली. महाराष्ट्रात सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा अंतिम पुरावा नाही. जॉर्जियात नोंदवहीतील नोंदच हक्काचा आधार मानली जाते. त्यामुळे तिथे फेरफारासाठी चकरा माराव्या लागत नाहीत, पण नोंद चुकली तर तिचा फटकाही तितकाच मोठा बसतो. आपल्याकडील भूमी अभिलेख खात्यातील कोणी जाणार असेल तर या संस्थेला आधी इंग्रजीत लेखी विनंती पाठवून भेट मागावी.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सारे लिहीत आहे ती. सुधारणांचे सूत्रधार काखा बेंदुकिद्झे आणि त्यांचे सहकारी यांनी बहुतेक परवाने रद्द केले, करांचे वीसहून अधिक प्रकार २००५पर्यंत सातवर आणले, आणि हे सर्व अफाट वेगाने केले. वेग शक्य झाला तो सत्ता मोजक्या हातांत एकवटल्यामुळे. न्यायालये सरकारच्या प्रभावाखालीच राहिली आणि तुरुंग गच्च भरले. सप्टेंबर २०१२मध्ये तुरुंगातील छळाच्या चित्रफिती बाहेर आल्या आणि १ ऑक्टोबरच्या निवडणुकीत सरकार पडले. देशात निवडणुकीने शांततेत सत्तापालट होण्याची ही पहिलीच वेळ होती. नागरिकाला दारात सन्मान देणाऱ्या राज्याने सरकारी नोकराला सत्ताधारी पक्षापासून संरक्षण देणारा कायदा मात्र फार उशिरा केला. लोकसेवेचा नवा कायदा २०१५मध्ये संमत होऊन जुलै २०१७मध्ये लागू झाला. पुढे नोव्हेंबर २०२४मध्ये जॉर्जियाच्या सरकारने युरोपीय संघातील प्रवेशाच्या वाटाघाटी २०२८पर्यंत पुढे ढकलण्याची घोषणा केली, तिच्याविरुद्ध अनेक सरकारी कर्मचाऱ्यांनी निवेदनांवर सह्या केल्या, आणि डिसेंबरात त्या कायद्यात दुरुस्ती होऊन विभागप्रमुखांच्या जागा कराराच्या झाल्या. अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. माझ्या मते क्रम उलटा असायला हवा होता. खिडकी सुधारणे सोपे आहे आणि त्याची छायाचित्रेही चांगली येतात. खिडकीमागच्या माणसाला बेकायदा आदेश नाकारता येईल असे संरक्षण देणे हे अवघड काम आहे, आणि ते आधी झाले नाही तर बाकीचे सारे पुढच्या सत्ताधाऱ्याच्या मर्जीवर उरते.

तिबिलिसीबाहेर दोन ठिकाणे पाहावीत. दिदुबे स्थानकावरून सुटणाऱ्या मिनीबसने गोरीला जाता येते. तिथले स्टालिन संग्रहालय १९५७चे आहे आणि मांडणी अजूनही बरीचशी त्या काळाचीच आहे. बातुमीला रेल्वेने साधारण पाच तास लागतात. उन्हाळ्यात तिकिटे लवकर संपतात, ती आधीच काढावीत. तिथून तुर्कस्तानच्या सीमेवरील सार्पी नाक्याची पांढरी इमारत जवळ आहे. याशिवाय, खेड्यांतून ‘कम्युनिटी सेंटर’ नावाची छोटी सेवाकेंद्रे आहेत. वाटेत दिसल्यास एकात जरूर डोकवावे, कारण राजधानीतील व्यवस्था गावापर्यंत किती पोहोचली हे तिथेच कळते.

भारतीयांना ई-व्हिसा मिळतो. अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेन देशांचा वैध व्हिसा असल्यास वेगळ्या व्हिसाची गरज नसते, तरी निघण्यापूर्वी नियम पुन्हा तपासावेत. विमानतळावर भारतीय पारपत्रांची कसून चौकशी होते आणि काहींना परतही पाठवले जाते. म्हणून हॉटेलचे आरक्षण, परतीचे तिकीट, विम्याची पावती आणि पुरेशा पैशांचा पुरावा छापील स्वरूपात हाताशी ठेवावा. तिबिलिसीत वैद्यकीय शिक्षण घेणारे आपले बरेच विद्यार्थी आहेत. निवास परवान्यासाठी आणि कागदपत्रांसाठी त्यांना याच कार्यालयांत जावे लागते, त्यामुळे त्यांचा अनुभव पर्यटकाच्या निरीक्षणापेक्षा अधिक मोलाचा आहे; त्यांना भेटून विचारावे. तरुण अधिकारी इंग्रजी बोलतात, ज्येष्ठांशी रशियन चालते. सध्याच्या राजकारणाबद्दल सरकारी कर्मचाऱ्याला त्याच्या कार्यालयात प्रश्न विचारू नयेत, कारण उत्तर दिल्यास त्याचीच नोकरी धोक्यात येऊ शकते. रुस्तावेली मार्गावर संसदेसमोर निदर्शने चालू असल्यास परदेशी नागरिकाने त्यांत सामील होऊ नये आणि त्या दिवशी संग्रहालयाची भेट सकाळीच उरकून घ्यावी.